टिकाराम दफ्तरींच्या दहा सुया

जबलपूरच्या एका सरकारी कारखान्याच्या लेखा कार्यालयात टिकाराम ढोके एकतीस वर्षं दफ्तरी होते. दफ्तरी म्हणजे रजिस्टरं शिवणारा, फाटलेली सांधणारा, पानापानावर आकड्याचा शिक्का मारणारा माणूस. कोऱ्या कागदांची चळत त्यांच्या टेबलावर यायची आणि लाल कापडी पाठीचं रजिस्टर होऊन जायची. त्यात पुढे काय लिहिलं जाई, याच्याशी त्यांचा संबंध नसे. पण कोण कसं लिहितं, हे मात्र रजिस्टर दुरुस्तीला परत आलं की त्यांना बरोबर समजे. लेखा अधिकारी दुबे साहेब पान उलटताना बोट ओलं करतात, म्हणून त्यांच्या रजिस्टरचा खालचा कोपरा आधी झिजतो. हेडक्लार्क नारायणराव पानावर कोपर टेकून बसतात, म्हणून त्यांच्या रजिस्टरची पाठ मोडते.

"रजिस्टर लिहाले दिलं होतं जी, उशी कराले नाही," टिकाराम म्हणायचे.

"तू मजबूत शिव ना मग," नारायणराव म्हणायचे. दोघंही विदर्भातले. ऑफिसात मराठी बोलायला एकमेकांशिवाय कोणी नव्हतं, त्यामुळे भांडणही मराठीतच करावं लागे.

टिकाराम भंडाऱ्याजवळच्या खेड्यातून अठराव्या वर्षी चुलत्याच्या मागे आले. सातवी पास होते. आधी कारखान्यात ओझी उचलली. एकदा ऑफिसातलं एक जुनं रजिस्टर हातगाडीवरून नेताना सुटं झालं आणि पानं अंगणभर उडाली. टिकारामनं ती आकड्यांप्रमाणे लावली, डब्यातला भात चुरून त्याची खळ केली आणि सकाळपर्यंत रजिस्टर पुन्हा उभं केलं. तेव्हाच्या साहेबानं विचारलं, हे कोणाचं काम? तेव्हापासून ते दफ्तरी.

या कामातला एक नियम त्यांना फार आवडे. रजिस्टरात चूक झाली तर खोडरबर चालत नाही, पान फाडणं तर गुन्हाच. चुकलेल्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही करायची. नंदा, त्यांची एकुलती एक लेक, लहानपणी पाटीवरचं थुंकीनं पुसायची तेव्हा ते म्हणायचे, "पुसू नको बेटा. रेघ मार. चुकलं ते दिसलं पाहिजे."

साहेबांच्या खोलीच्या दारावर पितळी पाटी होती. एकतीस वर्षांत तिथे सात साहेब आले आणि गेले. पाटी बदलली की टिकाराम नाव नंतर वाचत, पदवी आधी. सातांपैकी सहांच्या नावापुढे एम.कॉम. होतं. ही अक्षरं त्यांना ओळखू येत, कारण घरी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती आणि तिच्याखाली सगळ्या पदव्या ओळीनं छापल्या होत्या. टिकाराम इंग्रजी अक्षरं त्या ओळीवरूनच शिकले होते. त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती, की ज्याच्यापाशी एम.कॉम. असेल त्याला तो दरवाजा उघडतो.

१९९३ साली नंदा बी.कॉम. झाली. बासष्ट टक्के पडले. त्याच संध्याकाळी टिकाराम पेढे आणि एम.कॉम.चा फॉर्म असं दोन्ही घेऊन घरी आले.

नंदा तसबिरीकडे पाहून हसली. "बाबा, इस में एम.कॉम. तो है ही नहीं."

"त्यायनं सगळंच आपण कराव का? एखादी तुह्यासाठीबी ठेवली."

त्यांची बायको कलावती पेढ्याचा पुडा सोडत होती. ती म्हणाली, "पाहा बाप्पा, म्हणजे पोरीच्या आधी बापच पास झाला."

इथवर सगळं सुरळीत होतं. पण आठच दिवसांनी नागपूरहून रत्नाकर आला. हा टिकारामचा पुतण्या. एका खासगी कंपनीत हिशेबाच्या खात्यात होता आणि जूनच्या उकाड्यातही टाय लावून बसमधून उतरायचा. मे महिन्यात नंदा त्यांच्याकडे गेली असताना त्यानं तिला एम.बी.ए.च्या प्रवेश परीक्षेला बसवलं होतं, "पाहू तर काय होते" म्हणून. त्या परीक्षेत तिचं नाव लागलं होतं. पत्र घेऊन तो स्वतः आला. वीस जुलैपर्यंत हजर व्हायचं होतं. फायनान्स आणि कॉस्टिंग, दोन वर्षं, राहणं त्याच्याच घरी.

नंदानं पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि रत्नाकरच्या हातात परत ठेवलं. "मला एम.कॉम.च करायचंय, दादा. इथंच."

"काहून?"

"बस, ऐसे ही."

"अगं, जबलपूरच्या एकेका गल्लीत दोन-दोन एम.कॉम. आहेत. आणि ते दोघंही तिसऱ्याची ट्यूशन घेऊन राहिले!"

कलावतीला हसू आलं, पण तिनं नंदाचीच बाजू घेतली. "पोरगी घरात राहतो म्हणते तं तुह्यं काय जाते? इकडं बापाचे रिटायर व्हाले दोनच वर्षं उरले. मंग क्वार्टर सोडा, महाराजपूरच्या आपल्या प्लॉटवर खोल्या बांधा. हे सगळं कोण पाहीन?"

रत्नाकरनं पत्र तसबिरीमागे खोचून ठेवलं. निघताना मात्र टिकारामना बाजूला घेऊन म्हणाला, "काका, पगार चालू आहे तोवरच शिकवता येईल तिला. एकदाच शिकणार आहे ती. दुसऱ्यांदा कोणी पाठवणार नाही. तुमच्या ऑफिसात एवढे शिकलेले लोक आहेत, त्यांना विचारून तरी पाहा."

टिकारामना हे बोलणं लागलं. एकतीस वर्षांत त्यांनी त्या लोकांकडे कधी काही मागितलं नव्हतं, सल्लासुद्धा नाही. आणि तोंडी विचारलेलं घरी येईपर्यंत अर्धं सांडतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी उरलेल्या कागदांतून आठ पानं घेतली, छोटं रजिस्टर शिवलं, लाल पाठ लावली, पानांवर एक ते आठ शिक्के मारले. आणि ते हातात धरून टेबलाटेबलापाशी गेले.

"कोणती डिग्री केली आणि ते कोन्या कामाले आली, येवढं लिहून द्या जी. पोरीसाठी आहे."

लोक आधी हसले. मग पेन काढून विचार करू लागले. एकानं लिहिलं की एम.कॉम. केलं, लग्नाच्या बाजारात कामाला आलं. नारायणरावांनी लिहिलं की ते मॅट्रिक आहेत आणि हेडक्लार्क आहेत, यातून ज्यानं त्यानं काय ते समजावं. कॉस्टिंग सेक्शनला नुकतीच लागलेली ज्योती नावाची अधिकारी मुलगी होती, तिनं पानभर लिहिलं. दुबे साहेबांनी रजिस्टर दुपारभर ठेवून घेतलं आणि सुटायच्या वेळी परत दिलं.

संध्याकाळी ओसरीवर नंदा वाचू लागली. सगळं हिंदीत होतं. ती वाचायची आणि मोडक्यातोडक्या मराठीत सांगायची. हातानं लिहिलेलं टिकारामना पूर्वीही सावकाशच लागे, आणि आता तर अक्षरं धुरात असल्यासारखी दिसत. पण बोट ठेवून ते ओळींवरून सरकत होते. कागदाची लांबी-रुंदी त्यांच्या बोटांना पाठ होती.

ज्योतीनं लिहिलं होतं, "पदवी नंतर ठरवा. आधी मुलीला विचारा, कोणतं काम करताना तिला चहा थंड झाल्याचं कळत नाही? मी एम.बी.ए. केलं ते कॉस्टिंगसाठी. एखादी वस्तू खरंच कितीला पडते, हे शोधायला मला आवडतं."

टिकारामना नर्मदाकाठचा भेडाघाट आठवला. नंदा तेव्हा दहा वर्षांची होती. एक कारागीर मऊ दगडातून बोटाएवढे हत्ती कोरून विकत होता. नंदानं हत्ती घेतला नाही. तिनं विचारलं, "भैया, जो टूट जाते हैं, उनका क्या?" त्याच्या मागे सोंड मोडलेल्या हत्तींचा ढीग होता. मग ती तिथंच दगडावर बसली, बोटांवर हिशेब करत राहिली. नाव सुटायची वेळ झाली, कलावतीनं दोन हाका मारल्या, हिला पत्ता नाही. शेवटी उठून म्हणाली, "भैया, आप को तो कुछ बचता ही नहीं." त्या माणसाचा छिन्नीचा हात थांबला होता. परतताना तिच्या हातात एक मोडका हत्ती होता, त्यानं फुकट दिलेला.

"आता दुबे साहेबाचं वाच," टिकाराम म्हणाले.

"लिहिलंय की, एम.कॉम. केलं. अभ्यास अच्छा है, पाया पक्का होतो."

"पुढं?"

"बस, इतकंच."

टिकारामचं बोट पानावरच होतं. "नंदा, साहेबानं पाच लाइनी लिहिल्या. तू दोनच वाचल्या."

नंदानं पान जवळ ओढलं. मग सपाट आवाजात वाचलं, "ही खुर्ची मला एम.कॉम.मुळे मिळाली नाही. ती खात्याच्या परीक्षेनं मिळाली, आणि ती परीक्षा बी.कॉम. झालेलाही देऊ शकतो. कॉलेजात शिकवायचं असेल तर एम.कॉम. करावं. मुलीला नागपूरला जागा मिळालीय असं ऐकलं, पाठवा."

"अन् ही खालची?"

"वो तो साइन है, बाबा."

पितळी पाटी टिकारामच्या डोळ्यांपुढे आली. सात साहेब, सहा एम.कॉम., आणि दरवाजा उघडणारी किल्ली भलतीच. त्यांना साहेबाचा राग नाही आला, स्वतःचं थोडं हसू आलं. पाटीवर जे लिहिलेलं असतं ते वाचता येतं. जे लिहिलेलं नसतं ते कोणाला विचारावं लागतं, आणि विचारायला एकतीस वर्षं लागली. पण एक गोष्ट उरलीच.

"मंग तुले हे माहीत झाल्यावरबी एम.कॉम.च काहून पाह्यजे? अन् लपवत काहून होती?"

"मुझे पसंद है," ती म्हणाली आणि कंदिलाची काच पुसायला उठली. लाइट गेलेली नव्हती.

उत्तर त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी मिळालं, आणि तेही रोजच्याच जागी. गेली दोन वर्षं रोज सकाळी नंदा खिडकीपाशी बसून दहा सुयांत दोरा ओवत असे. टिकारामच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. भोकं पाडणं, शिवण ओढणं त्यांना अंदाजानं जमे, पण सुईचं नेढं दिसत नसे. हे ऑफिसात समजलं तर डॉक्टरी तपासणी होईल, नोकरी वेळेआधी जाईल, क्वार्टरही जाईल, अशी त्यांना धास्ती होती. म्हणून हे फक्त बाप-लेकीला ठाऊक होतं. कलावतीला वाटे, पोरीला आवड आहे. दहा सुया घोंगडीच्या तुकड्यात ओळीनं टोचायच्या, प्रत्येकीच्या दोऱ्याला शेवटी बारीक गाठ मारायची, आणि तो तुकडा डब्याच्या पिशवीत ठेवायचा. दिवसभर दहा पुरत.

त्या सकाळी दहावी सुई टोचताना ती सहज म्हणाली, "दो ही साल की तो बात है, बाबा. मग तुम्ही रिटायर."

टिकारामनी पिशवी हातात घेतली आणि तसेच उभे राहिले. एम.कॉम. दोन वर्षांचं होतं. त्यांची नोकरीही दोन वर्षांची उरली होती. पोरीनं पदवी निवडली होती ती ना दारावरच्या पाटीवरून, ना नोकरीवरून. ती त्यांच्या डोळ्यांच्या मापानं निवडली होती.

सायकल ते कारखान्यापर्यंत नुसती हातानं ढकलत गेले.

दुबे साहेबांच्या खोलीत ते सहसा रजिस्टर घेऊन जात. त्या दिवशी रजिस्टर नेलं नाही. हातात दोऱ्याचं रीळ आणि एक रिकामी सुई होती, ती त्यांनी टेबलावर ठेवली.

"साहेब, मुझे सुई का छेद नहीं दिखता. दो साल हो गए. मेरी लड़की पिरोकर देती है."

 दुबे साहेबांनी आश्चर्य दाखवलं नाही. चष्मा लावला, हात पुढे केला, जणू ते सुईचीच वाट पाहत होते. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं. दोन वेळा चुकले, तिसऱ्यांदा दोरा गेला. वीतभर हवा होता, त्यांनी हातभर घेतला आणि टोकाला हरभऱ्याएवढी गाठ मारली.

"जाड़ों में ऑपरेशन कराओ," ते म्हणाले. "छुट्टी मैं दूँगा. तब तक..." आणि त्यांनी बाहेरच्या टेबलाकडे पाहिलं, जिथं सकाळी सगळे हजेरीची सही करत.

त्या दिवसापासून हजेरीच्या रजिस्टराशेजारी घोंगडीचा तुकडा आणि रीळ राहू लागलं. सही करायची आणि एक सुई ओवायची. नारायणरावांनी पहिल्या दिवशी सात मिनिटं लावली आणि वर म्हणाले, "तुह्यी सुईच वाकडी आहे, टिकाराम."

"सुई सरळ आहे जी. तुमचा हात मॅट्रिक आहे."

सगळं ऑफिस हसलं. टिकारामही हसले; त्यांना वाटलं होतं की ही गोष्ट कोणाला समजली तर जमीन फाटेल.

चार दिवसांनी, सतरा जुलैला संध्याकाळी, त्यांनी घोंगडीचा तुकडा नंदापुढे ठेवला. सकाळी तिनं दिलेल्या दहा सुया जशाच्या तशा होत्या. शेजारी आणखी दहा होत्या, कोणी कोणी ओवलेल्या. नंदानं एकेक दोरा बोटांत घेऊन पाहिला.

"ये गाँठ किसकी है? एवढी मोठी?"

"दुबे साहेबाची. साहेब आहे, गाठबी मोठी."

"और ये दोहरा धागा?"

"ज्योती मॅडमचा. ते म्हणे सिंगल दोरा महाग पडते, तुटला की पुन्हा ओवाव लागते."

नंदा हसली आणि मग तिला हसू आवरलंच नाही, आणि हसता हसताच तिनं डोळे पुसले. "म्हणजे तुम्ही सगळ्यांना सांगून दिलं?"

"सांगून देल्लं. आता बोल. चहा कोन्या कामात थंडा होते तुह्या?"

ती उठली. फळीवरून काहीतरी आणलं आणि सुयांपाशी ठेवलं. सोंड मोडलेला हत्ती होता.

मग तिनं दोन्ही कागद काढले, नागपूरचं पत्र आणि फॉर्म. एम.कॉम.चा फॉर्म तिनं आधीच भरून ठेवला होता, फोटोसकट. ती तो फाडायला निघाली, तर टिकारामनी हात धरला. "फाडायचं नाही." तिनं पट्टी घेतली आणि फॉर्मवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकच रेघ मारली. बाजूला टिकारामनी सही केली, टि. ढोके, रजिस्टरात करतात तशी. तो फॉर्म त्यांनी त्या आठ पानी रजिस्टरच्या शेवटी शिवून टाकला. सुई दुबे साहेबांचीच घेतली.

आत कलावती म्हणत होती, "अन् मले कोण विचारते? सुया तुम्ही ओवा, डिग्र्या तुम्ही घ्या, लोणच्याची बरणी कोण बांधून देईन?" आणि बरणी बांधतही होती.

एकोणीसच्या सकाळी नागपूरची बस होती. नंदानं त्या दिवशीही दहा सुया ओवल्या. टिकारामनी नको म्हटलं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, जाड भिंगाचा चष्मा आला, आणि पंधरा दिवसांनी ओसरीच्या उन्हात बसून टिकारामनी पहिल्यांदा स्वतः सुई ओवली. मग हाताला दुसरं काम नव्हतं म्हणून ते छोटं रजिस्टर उघडलं. पान पाच, दुबे साहेबांचं. बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत वाचलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, चौथी. पोरीनं सगळं बरोबर सांगितलं होतं.

पाचवी ओळ सही नव्हती. साहेबांनी सही केलीच नव्हती. तिथं बारीक अक्षरात लिहिलं होतं, "टिकाराम, रजिस्टर की गाँठें दो साल से तुम्हारी नहीं हैं. बिटिया को जाने दो."

त्यांनी रजिस्टर मिटलं. कलावतीनं आतून विचारलं, "काय वाचून राहिले?"

"डिग्री," ते म्हणाले.

पुढच्या सोमवारी ते कामावर गेले आणि नव्या रजिस्टरची शिवण स्वतः ओवलेल्या सुईनं घातली. गाठ मारली ती त्यांची जुनी, अंगठ्यानं दाबून चपटी केलेली. पानं मोजून रजिस्टर साहेबांपुढे ठेवलं. नवीन रजिस्टरच्या पहिल्या पानावर, आत इतकी पानं आहेत, असं लिहून साहेबाला सही करावी लागते. दुबे साहेबांनी पेन उचललं, मग खाली ठेवलं. रजिस्टर मधोमध उघडलं, शिवणीतल्या गाठीवरून अंगठा फिरवला, टिकारामकडे एकदा पाहिलं आणि सही केली.